गेम कोण खेळतं?

मुलगी अकरावीला गेली आणि घरात कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला. शाळेत तो तिचा एक विषयच होता, पण लॅबमध्ये एकेका मशीनवर तिघीतिघींना बसवायचे. जिची बोटं जलद चालायची तिचं काम पुढे जायचं. आमची पोर बाजूच्या खुर्चीवरून बघत राहायची.

"मम्मी, मला समजतं सगळं, पण हाताला सवय नाही," ती एकदा म्हणाली.

मला ते लगेच पटलं. मी साड्यांना लेस लावण्याचं काम करते. हाताची सवय म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहतो. खाली एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, वर एक खोली आणि गच्ची. लग्न करून मी पारोळ्याकडच्या एका गावातून इथे आले तेव्हा ही गल्ली अर्धी मोकळी होती. आमचे हे त्याच्याही आधी आलेले, मिसरूड फुटायच्या वयात, काकांचा हात धरून. आधी लूमवर होते, आता एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मास्टर आहेत. मशीनवर डिझाइन चढवायचं, धाग्याचे रंग बघायचे, कारागिरांना सांभाळायचं, असं त्यांचं काम. घरात ते जास्त करून अहिराणीच बोलतात. मुलगी त्यांच्याशी मराठीत बोलते, मैत्रिणींशी गुजरातीत, आणि चिडली की हिंदीत. आम्हाला ती एकच.

तर एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं कॉम्प्युटर बघायला निघालो. यांनी धुतलेला शर्ट घातला, मी बरी साडी नेसले. कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर ओळीने सगळी कॉम्प्युटरचीच दुकानं होती. बाहेर खोक्यांचे ढीग, आत एसीचा गारवा. कोणत्या दुकानात शिरायचं ते आम्हाला कळेना. शेवटी ज्याच्या काउंटरवर गर्दी नव्हती त्याच्याकडे गेलो. दुकानदार आमच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला गोड होता.

यांनी सांगितलं, मुलीच्या अभ्यासाला पाहिजे. त्याने लगेच एक साधा सेट दाखवला. काळा डबा, मध्यम स्क्रीन, कीबोर्ड, माऊस. "कॉलेज पूरी हो जाएगी इसमें," म्हणाला. यांना तो पसंत पडला. मलाही पडला. डबा छोटासा होता, माझ्या शिलाई मशीनच्या बाजूला सहज बसला असता.

मुलगी मात्र त्याच्या मागच्या फळीकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "इसमें ग्राफिक्स कार्ड लगेगा क्या?"

दुकानदाराने चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. तिच्याकडे नाही, यांच्याकडे बघितलं. "ग्राफिक्स कार्ड? एटले गेमिंग माटे जोईए छे? गेम कोण रमे छे, छोकरो? तो एने लई आवो ने, एनी पसंदगीनुं बतावुं."

म्हणजे गेम खेळणारा मुलगा असेल तर त्यालाच घेऊन या. हे हसले. "लड़का नहीं है, भाई. एक ही बेटी है. पढ़ाई के लिए चाहिए. गेम-बेम कोई नहीं खेलता हमारे यहाँ."

"हुं रमुं छुं," मुलगी म्हणाली.

मी खेळते, असं ती गुजरातीत बोलली, त्यामुळे की काय, दुसरंच कोणी बोललं असं मला वाटलं. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिचे कान लाल झाले होते, पण नजर तिने खाली घातली नव्हती. दुकानदाराने एकदा तिच्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि उगीच पुढ्यातली वायर गुंडाळायला घेतली.

"विचार करके आते हैं," हे म्हणाले, आणि आम्ही जिना उतरलो.

येताना लोचो, तो वाफवलेल्या डाळीचा सुरती पदार्थ, खायचा हे सकाळीच ठरलं होतं. ते काही यांनी रद्द केलं नाही. हातगाडीसमोर उभं राहून आम्ही तिघांनी लोचो खाल्ला. यांनी स्वतःच्या ताटलीवर जास्तीची शेव मागून घेतली, मुलीच्या ताटलीवरही घालायला लावली, पण बोलले एक अक्षर नाही. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते गप्प झाले की घरातलं सगळं सामान गप्प झाल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर ते आडवे झाले आणि मी मुलीला गच्चीवर घेऊन गेले. वाळत घातलेल्या चादरी काढायच्या होत्याच.

"कधीपासून खेळतेस?"

"नववीपासून. तुझ्या जुन्या फोनवर."

तो फोन मी तिला ऑनलाइन क्लाससाठी दिला होता. ती खेळते हे मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पोरं फोनवर काहीतरी खेळतातच. पण ते शेंगा फोडता फोडता तोंडात टाकल्यासारखं असेल अशी माझी समजूत होती. तिने सांगितलं ते वेगळंच होतं. चार-पाच जणांचा एक गट असतो, समोर दुसरा गट. कोणी जागा राखायची, कोणी पुढे जायचं, हे आधी ठरवावं लागतं. सगळे आपापल्या घरी बसलेले असतात, वेगवेगळ्या गावांत. एकमेकांशी माईकवर बोलतात.

"तू बोलतेस? मी तर कधी ऐकलं नाही."

"मी माईक बंद ठेवते," ती म्हणाली. "लिहून सांगते. मुलाचं नाव घेतलंय मी."

"का?"

तिने चादरीची दोन टोकं धरली, दोन मी धरली. "मुलीचा आवाज ऐकला की घाण बोलतात."

माझ्या हातातलं टोक सुटलं. "मग असल्यांत जातेस कशाला तू? बंद कर ते. आजच्या आज."

ती म्हणाली, "मम्मी, तू मार्केटला माल आणायला जातेस. तिथे तुला कोणी काही बोलत नाही?"

आता काय सांगायचं? रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये डोक्यावर गठ्ठा घेऊन जिना उतरताना मी काय काय ऐकलंय, ते मी घरात कधीच बोलले नव्हते. पण लहानपणी ती माझा पदर धरून बरोबर यायची. तिने तेव्हाच ऐकलं असणार.

"बोलतात," मी म्हटलं.

"मग तू जातेस ना?"

"मी कामाला जाते. तू खेळायला."

"हो," ती म्हणाली. "खेळायलाच." आणि चादरीची घडी माझ्या हातात देऊन खाली गेली.

ती अभ्यासाचं नाव पुढे करेल, असं मला वाटलं होतं. सगळी पोरं तेच करतात. तिने ते केलं नाही. मी गच्चीवर कितीतरी वेळ घडी घातलेल्या चादरीची परत घडी घालत बसले.

पुढच्याच आठवड्यात हे संध्याकाळी रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आले. कारखान्याच्या ऑफिसात सेठने नवे घेतले होते, जुन्यांतला एक त्यांनी यांना दिला. "छोकरी भणे छे ने, लई जा," मुलगी शिकतेय तर घेऊन जा, एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. विषय परस्पर मिटला होता. अभ्यासाची सोय झाली होती आणि गेमचं नावही काढावं लागलं नव्हतं.

"आते बोल. व्हयनं ना तुनं काम?" ते मुलीला म्हणाले.

"हो पप्पा," ती म्हणाली. तिने ओल्या फडक्याने तो डबा पुसला, कीबोर्डच्या फटींतली धूळ माझ्या जुन्या ब्रशने काढली. स्क्रीनच्या कडेला ऑफिसातल्या कोणीतरी बालाजीचं स्टिकर लावलेलं होतं. ते तिने तसंच ठेवलं.

तो कॉम्प्युटर चालायचा. नाही कशाला म्हणू? पण सुरू केला की पंखा असा घरघरायचा की शेजारच्या काकू विचारायच्या, पिठाची गिरणी घेतली का. चालू करून ती चहा करून आणायची तरी पडद्यावर अजून गोल फिरतच असायचं. शाळेचं काम मात्र तिने त्यावर मन लावून केलं. प्रोग्राम लिहिले, एक प्रोजेक्ट पूर्ण केला. लॅबमध्ये आता मधल्या खुर्चीवर तीच बसते, असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं.

तक्रार तिने एकदाही केली नाही. मला तेच खटकायला लागलं. ही पोर लहानपणी फुग्यासाठी रस्त्यात बसून घेणारी. आता काही मागतच नव्हती. फोनवर खेळणंही तिने कमी केलं होतं. आम्ही सांगितलं म्हणून नव्हे, गच्चीवरच्या त्या दिवसानंतर आम्ही तो विषयच काढला नव्हता.

यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते दाखवत नाहीत, पण कारखान्यात भरल्या मशीनमधला एक धागा तुटला तर लांबून ओळखणारा माणूस आहे तो. एका दुपारी जेवण झाल्यावर ते तिच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले.

"दाखाड बरं, काय शे तो गेम."

तिला आधी खरं वाटेना. मग तिने फोन काढला. मी मशीनवर बसले होते, पण पाय थांबवला आणि बघत राहिले. ती खेळायला लागली आणि हे चष्मा लावून वाकून बघायला लागले.

"तो लाल कोन शे?"

"तो समोरचा, पप्पा. त्याच्यापासून लपायचं."

"मंग लप ना!"

"लपलेच आहे. हे बघा, ही भिंत आहे ना, तिच्यामागे मी आहे."

"माले काही समजनं नही," असं म्हणत म्हणत त्यांनी तिच्याहून जास्त श्वास रोखून धरला होता. थोड्या वेळाने पडदा काळवंडला.

"हारनी का?"

"हरलो."

"मंग आते?"

"परत," ती म्हणाली.

हे हसायला लागले. पोटातून, खांदे हलवत. मग चष्मा काढून पुसला आणि आमच्या दोघींच्याही कानावर कधी न आलेली गोष्ट सांगायला लागले. सुरतेला नवीन आले तेव्हा उधन्याला, स्टेशनच्या पलीकडे, एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नाणं टाकलं की पडद्यावर विमानं उडायची. लूमची पाळी संपली की बाकीची पोरं झोपायला जायची आणि हे तिकडे. कानात लूमचा खडखडाट तसाच असायचा, दुकानातलं काही ऐकूही यायचं नाही, पण तिथे उभं राहिलं की गावाची आठवण यायची नाही, म्हणाले. काकांना कळलं तेव्हा त्यांनी दुकानातच सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. त्यानंतर कधी तिकडे गेले नाहीत.

"मी बी खेळेल शे," ते म्हणाले. "कोनले सांगेल नव्हतं."

मुलीने विचारलं, "चांगलं खेळायचात?"

"बठ्ठासमा चांगला मीच व्हतू," सगळ्यांत चांगला, असं ते म्हणाले. आणि लगेच, "दोन दिवसमा सेठले त्यान्हा डबा परत दी देऊ. आपलं आपण लेऊ."

पण सेठला परत द्यायचा म्हणजे काय सांगायचं? उपकाराने दिलेली वस्तू. हे दोन दिवस तयारी करत होते. आंघोळ करताना मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. सेठ, आपका बहुत उपकार है, लेकिन लड़की की पढ़ाई अब आगे की है. कधी हे वाक्य आधी, कधी ते. शेवटी डबा घेऊन गेले. संध्याकाळी आले ते काहीसे पडल्यासारखे.

"काय म्हणाले सेठ?"

"फोनवर बोलत होते. हाताने दाखवलं, तिकडे ठेव." मग म्हणाले, "त्यांना आठवतही नव्हतं, दिला होता ते."

दुसऱ्यांदा दुकानात जायच्या आधी मी मुलीला समोर बसवलं. तोपर्यंत या सगळ्यात माझं स्वतःचं असं मत मी शांतपणे दिलंच नव्हतं. हे रुसले तेव्हा मी गप्प, हे हसले तेव्हा मी हसले. पण गच्चीवरचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

"माझी एक अट आहे," मी म्हटलं. "कॉम्प्युटर वर ठेवायचा नाही. खाली, बाहेरच्या खोलीत, माझ्या मशीनशेजारी."

"बरं."

"आणि मुकी राहून खेळायचं नाही. मुलाचं नाव घेऊन तर नाहीच. खेळायचं तर आपल्या आवाजात खेळ. नाहीतर राहू दे."

ही अट तिला अपेक्षित नव्हती. "मम्मी, तुला माहीत नाही ते काय बोलतात."

"मला माहीत आहे ते काय बोलतात."

ती बराच वेळ नखाने सतरंजीचा दोरा ओढत बसली. मग "बरं" म्हणाली.

दुकानदाराने आम्हाला ओळखलं. आता तो थेट मुलीशीच बोलला, आणि तिनेही आढेवेढे घेतले नाहीत. आमचा आकडा तिने पहिल्यांदाच सांगून टाकला, त्यापुढे जायचं नाही म्हणाली. मग दोघांची जुंपली. तो म्हणायचा हे घे, ती म्हणायची ते नको, त्याच्याऐवजी हे चालेल. मेमरी आत्ता कमी घ्यायची, पण पुढे वाढवता यावी अशी जागा ठेवायची. स्क्रीन फार मोठी नको. खुर्ची नको, घरची प्लास्टिकची आहे. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, पण भाजी घेताना मी करते तसंच ती करत होती, एवढं कळलं.

एकाच गोष्टीवरून माझं आणि तिचं वाजलं. दुकानात एक काचेचा डबा होता, आतले पंखे रंग बदलत होते. निळे, मग जांभळे, मग हिरवे. मला तो फार आवडला. नवरात्रातल्या मंडपासारखा दिसत होता.

"तो घे ना."

"मम्मी, दिव्यांनी गेम चांगला चालत नाही. त्याच पैशात कार्ड चांगलं येतं."

"पण दिसतो किती छान."

"बेन की पसंद अच्छी है," दुकानदार मध्येच म्हणाला. मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की तो परत वायर गुंडाळायला लागला.

काळाच डबा घेतला. हे तोपर्यंत एवढंच विचारत होते की आमच्याकडे कपड्याची रुई उडते, ती आत गेली तर काय. त्यावर दर थोड्या दिवसांनी झाकण उघडून हवा मारायची, असं त्याने दाखवून दिलं. जोडून, चालवून, सगळं बघून देईपर्यंत दुपार झाली. रिक्षात स्क्रीनचं खोकं यांच्या मांडीवर, डब्याचं खोकं मुलीच्या मांडीवर. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी त्याला कवटाळायची आणि रिक्षावाल्याला सांगायची, "धीमे भाई, धीमे."

गल्लीत शिरलो तर शेजारच्या काकू दारातच. त्या परभणीकडच्या. "टीव्ही आणला का गं?" कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याच हळदीकुंकवाची वाटी घेऊन आल्या. स्क्रीनवर बोट टेकवणार तेवढ्यात मुलगी ओरडली, "काकी, तिथे नाही!" मग डब्याच्या माथ्यावर कुंकू लागलं.

माझं मशीन खिडकीपासून थोडं सरकलं. खिडकीचा उजेड आता आम्हा दोघींत वाटला गेला. मला सुई ओवायला मान जरा जास्त वाकवावी लागते, पण त्याचं काही नाही.

शाळेचं काम संपवून संध्याकाळी तासभर ती खेळायची. हेडफोन घ्यायचा राहिला होता, तेवढे पैसेच उरले नव्हते. त्यामुळे पहिले काही दिवस स्पीकर आणि एक साधा माईक. नाव तिने बदललं होतं, माईक चालू केला होता. पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटेना तिच्या. इतकी बडबडी पोर, पण "राइट में है" एवढं म्हणताना आवाज कापला.

पलीकडे एकदम शांतता झाली. मग कोणीतरी हसलं. मग दुसऱ्या एकाने ते बोलायला सुरुवात केली. अंगाबद्दल, आईबद्दल. आवाज कोवळा होता. मिसरूडही फुटलं नसेल.

मी उठले, साडीचा गोळा बाजूला ठेवला, आणि तिच्या खांद्यावरून वाकून माईकजवळ तोंड नेलं. "कोण रे तू? कुणाचा? तेरी मम्मी घर में है क्या? उसको बुला. बुला, मुझे उसके साथ बात करनी है."

असा सन्नाटा पसरला! मग अगदी बारीक आवाजात, "सॉरी आंटी." आणि तो निघूनच गेला. बाकीचे हसून हसून लोळत असावेत, स्पीकर फाटायला आला. मला वाटलं, मी मोठंच काम केलं.

मुलीने माईक बंद केला आणि माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं. "मम्मी, परत असं करायचं नाही. तूच म्हणालीस ना, आपल्या आवाजात खेळ म्हणून? मग माझ्या आवाजात खेळू दे ना."

मला राग आला. मग वाईट वाटलं. मग मी मशीनवर जाऊन बसले आणि दोन साड्यांना उलटी लेस लावून ठेवली. ती लेस रात्री जेवणानंतर उसवत बसले, तेव्हा तीही येऊन बसली आणि दुसऱ्या टोकाने उसवायला लागली.

पुढे ते बोलणं बंद झालं असं नाही. कधी नवा कोणी यायचा आणि सुरू करायचा. मी पायडलवर पाय दाबून ठेवायचे, मशीनचा आवाज मोठा करायचे. ती साध्या आवाजात म्हणायची, "हो गया? अब लेफ्ट देख, उधर दो जन हैं." कधी तो गप्प व्हायचा, कधी नाही. नाही झाला तर ती त्याचा आवाज बंद करून टाकायची. खेळ मात्र सोडायची नाही.

तिच्या गटात बारडोलीचं एक कोणीतरी होतं. बोलायचं नाही, फक्त लिहायचं. चांगलं खेळायचं. मुलगी त्याला भाई म्हणायची. माईक चालू होऊन महिना झाला असेल, एका संध्याकाळी खेळ संपल्यावर सगळे गेले, तो एकटा थांबला. आणि स्पीकरमधून एका मुलीचा आवाज आला.

"हुं पण छोकरी छुं."

माझं मशीन थांबलं. आमची पोर खुर्चीत सरळ झाली. "शुं?"

"मैं भी लड़की हूँ. किसी को बोलना मत."

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, गुजरातीत, इतक्या भरभर की मला निम्मं कळलं नाही. मधेमधे हसत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच डबे पुसत राहिले. त्यांना बोलू द्यावं असं वाटलं.

तरीही मी सावध होते. आवाज मुलीचा असला म्हणून काय झालं? मी म्हटलं, तिच्या आईशी माझं बोलणं होऊ दे, मग पुढचं. तिच्या आईचंही म्हणणं तेच निघालं. एका दुपारी आम्ही दोघी फोनवर बोललो. तिचे मिस्टर तिकडे साखर कारखान्यात नोकरीला. "मारी छोकरी आखो दिवस गेम, गेम," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझीपण." मग आम्ही भाज्यांचे भाव बोललो.

दिवाळीनंतर त्या मायलेकी सुरतेला खरेदीला आल्या तेव्हा मी त्यांना जेवायलाच बोलावलं. मी आपल्या पद्धतीची शेवभाजी केली होती, तिखट जरा बेताचं टाकून. मुलगी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी जाऊन येत होती. हे सुट्टी घेऊन थांबले होते आणि उगीच डब्यावरची धूळ झटकत होते.

आली ती ठेंगणी, दोन वेण्या घातलेली, चष्म्याची पोर होती. दोघी दारात एकमेकींसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. एवढे महिने रोज बोलणाऱ्या त्या पोरी जेवताना मान वर करत नव्हत्या. "वाढू का अजून?" म्हटलं की दोघी एकदमच मान हलवायच्या. तिची आई मला डोळ्यांनी विचारत होती, भांडल्या का या? मी खांदे उडवले.

जेवणं झाली. आम्ही दोघी आया ताटं उचलून आत गेलो. तिने हट्टाने माझ्याबरोबर भांडी विसळायला घेतली आणि मला विचारलं, बारावीनंतर मुलीला काय करायचंय. मी सांगितलं, कॉम्प्युटरचंच काहीतरी म्हणते. मार्क बरे आहेत, फार नाहीत. ती म्हणाली, मारीनुं पण एवुं ज, माझ्या मुलीचंही तसंच. बाहेरून हे विचारत होते की चहा टाकायचा का. आणि त्यांच्या आवाजाच्या पलीकडे, खिडकीशी, आधी हळू, मग मोठ्याने, दोघी बोलायला लागल्या होत्या. हसत होत्या, एकमेकींना ओरडत होत्या, "आघी खस ने, मने बेसवा दे!" सरक ना, मला बसू दे.

"प्लास्टिकची अजून एक खुर्ची वरून आणा," मी यांना सांगितलं. ते जिना चढायला लागले.